राजाने न केलेली सही

१६ नोव्हेंबर १९१९ रोजी इटलीत महायुद्धानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मिलान शहरात बेनितो मुसोलिनीने आपली वेगळी यादी उभी केली होती. आठ महिन्यांपूर्वी, २३ मार्चला, याच शहरातल्या सान सेपोल्क्रो चौकातल्या एका सभागृहात शंभर-दोनशे माणसं जमवून त्याने आपल्या फॅसिस्ट चळवळीचा मुहूर्त केला होता. तिच्या कार्यक्रमात राजेशाहीऐवजी प्रजासत्ताक होतं, स्त्रियांना मताधिकार होता, कामाचा दिवस आठ तासांचा होता, भांडवलावर जबर कर होता. निकाल लागला तेव्हा शहरातल्या सुमारे पावणेतीन लाख मतांपैकी त्याच्या यादीला पाच हजारही मिळाली नव्हती. जागा एकही नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी शवपेटी खांद्यावर घेऊन त्याच्या राजकारणाची प्रेतयात्रा काढली.

पुरती तीन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ३० ऑक्टोबर १९२२ रोजी हाच माणूस वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी इटलीचा पंतप्रधान झाला.

हे कसं घडलं, याची नेहमीची उत्तरं आपल्याला शाळेपासून माहीत असतात. महायुद्धाची होरपळ, महागाई, बेकारी, शांतता तहात झालेली निराशा, रशियन क्रांतीची धास्ती, मुसोलिनीचं वक्तृत्व. ही कारणं खोटी नाहीत. युद्धात इटलीची सहा लाखांच्या आसपास माणसं मेली, किमती युद्धापूर्वीच्या चौपटीच्या जवळ गेल्या, आणि एवढं रक्त सांडूनही फ्यूमे बंदर मिळालं नाही म्हणून कवी दानुन्झिओ सप्टेंबर १९१९ मध्ये आपल्या अनुयायांसह ते शहर बळकावून बसला. पण असंतोष सगळ्यांचाच होता आणि त्यावर दावा सांगणारे पक्षही पुष्कळ होते. १९१९ च्या त्या निवडणुकीत समाजवाद्यांना १५६ आणि कॅथलिक लोकपक्षाला १०० जागा मिळाल्या होत्या. मग पाच हजार मतांचा धनी पुढे कसा गेला? माझ्या मते याचं उत्तर त्याच्या ताकदीत शोधून सापडत नाही. ज्यांच्या हाती त्याला अडवण्याची साधनं होती, त्यांनी ती वापरायची नाहीत असं ठरवलं. एकदा नव्हे, चार-पाच वेळा ठरवलं, आणि दर वेळी आपण मोठा मुत्सद्दीपणा करतो आहोत अशी त्यांची खात्री होती.

मुसोलिनी हा लोहाराचा मुलगा. आई शाळामास्तरीण. १९१४ पर्यंत तो समाजवादी पक्षाच्या ‘अवान्ती’ या दैनिकाचा संपादक होता आणि युद्धाच्या विरोधात लिहीत होता. मग काही आठवड्यांत त्याने भूमिका फिरवली, युद्धात उतरा म्हणून नवं दैनिक काढलं आणि पक्षातून हकालपट्टी ओढवून घेतली. त्याच्या नव्या वर्तमानपत्राला पैसा उद्योगपतींकडून आणि फ्रान्सकडून आला. १५ एप्रिल १९१९ रोजी फॅसिस्टांच्या आणि माजी सैनिकांच्या जमावाने ज्या कचेरीची नासधूस करून आग लावली, ती ‘अवान्ती’चीच होती. एवढं त्याच्याबद्दल इथे पुरे. फॅसिझम खऱ्या अर्थाने वाढला तो मिलानमध्ये नव्हे, आणि तो वाढवणारेही बव्हंशी दुसरेच होते.

तो वाढला पो नदीच्या खोऱ्यात. फेरारा, बोलोन्या, रोविगो, क्रेमोना हे सगळे सपाट, ओलसर जिल्हे. एकोणिसाव्या शतकात इथल्या दलदलीच्या जमिनी पंप लावून, चर खणून कोरड्या केल्या गेल्या आणि त्यावर मोठ्या भांडवलाची शेती उभी राहिली. गहू, ताग, बीट. हे काम ज्यांच्या फावड्यांनी झालं, त्यांच्या नावावर मात्र गुंठाभर जमीन आली नाही. ते रोजंदारीवरचे शेतमजूर राहिले. पेरणी-कापणीच्या दिवसांत काम आणि हिवाळ्यात उपासमार, असं त्यांचं वर्ष. वर्षातले निम्मे दिवसही काम मिळेल याची शाश्वती नसे.

या माणसांनी तीस-चाळीस वर्षं खपून संघटना उभारल्या. समाजवादी पक्षाच्या छायेखाली गावोगाव शेतमजूर संघ झाले, सहकारी भांडारं झाली, कामगार भवनं, वाचनालयं, बँडपथकं झाली. युद्धानंतर या संघांनी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. पहिली म्हणजे मजूर लावायचा तर संघाच्या कामवाटप कचेरीमार्फतच. दुसरी म्हणजे जमिनीच्या प्रमाणात प्रत्येक मालकाने ठरलेले मजूर वर्षभर, हिवाळ्यातसुद्धा, ठेवलेच पाहिजेत. हिवाळ्याच्या उपासमारीवर हा नेमका इलाज होता. १९२० साली बोलोन्या जिल्ह्यात दहा महिन्यांच्या आसपास चाललेल्या लढ्यानंतर ऑक्टोबरमध्ये जमीनमालकांनी मान तुकवली. त्याच महिन्यात स्थानिक निवडणुका झाल्या आणि देशातल्या दोन हजारांहून जास्त नगरपालिका समाजवाद्यांच्या ताब्यात गेल्या. मजूर ठेवण्याचा हक्क मालकाकडून गेला होता, आता कर बसवण्याचा अधिकारही गेला.

संघांच्या वागण्यात कठोरपणा होता, हे सांगितलं पाहिजे. संघाचं न ऐकणाऱ्या मालकावर, आणि पुष्कळदा छोट्या कुळावरही, बहिष्कार पडे. त्याला न्हावी मिळत नसे, भाकरी मिळत नसे. बटाईदार आणि चार एकरांचे शेतकरी यामुळे दुखावले होते. शिवाय समाजवाद्यांचा कार्यक्रम जमीन समाजाच्या मालकीची करण्याचा होता आणि स्वतःच्या नावावर तुकडा व्हावा म्हणून झुरणाऱ्या माणसाला तो परका वाटे. पुढे फॅसिस्टांनी या दुखऱ्या जागेवर बरोबर बोट ठेवलं. पण ज्याला नंतर ‘लाल दहशत’ म्हटलं गेलं, ती बहुतांशी संप, बहिष्कार आणि दंड यांची होती. क्रांतीची भाषा होती, क्रांतीची तयारी नव्हती. सप्टेंबर १९२० मध्ये तुरीन-मिलानमधल्या चार लाखांहून जास्त कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा हे उघडच दिसलं. पंतप्रधान जोलित्ती यांनी सैन्य पाठवलं नाही, नुसती वाट पाहिली, आणि महिन्याभरात कामगार वाटाघाटी करून बाहेर आले. क्रांतीची शक्यता तिथेच संपली. फॅसिस्टांचा सुकाळ सुरू झाला तो त्यानंतर. क्रांतीपासून देश वाचवायला फॅसिझम आला, ही समजूत तारखांपुढे टिकत नाही.

२१ नोव्हेंबर १९२० ला बोलोन्याच्या नगरपालिकेत नवे समाजवादी महापौर पदभार घेणार होते. आदल्या दिवसांत फॅसिस्टांनी शहरात भिंतीपत्रकं लावून मारामारीची धमकी दिली होती आणि बायका-मुलांना घरात ठेवा असं बजावलं होतं. समारंभाच्या वेळी चौकात गोळीबार झाला. इमारतीतल्या समाजवादी रक्षकांनी गोंधळून हातबॉम्ब फेकले, ते खालच्या आपल्याच गर्दीत फुटले. दहाएक माणसं मेली. सभागृहात विरोधी बाकांवरचे नगरसेवक जुलिओ जोर्दानी, युद्धात जखमी झालेले वकील, गोळी लागून ठार झाले. ही एकच गोष्ट वर्तमानपत्रांनी उचलून धरली. नगरपालिका बरखास्त झाली. हल्ला ज्यांनी केला, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवसापासून सभासदांची रीघ लागली.

इथून पुढचे सहा महिने वाचताना जीव घाबरतो. पद्धत ठरलेली होती. रात्री शेजारच्या शहरातून ट्रक निघायचे. ट्रक कधी जमीनमालकांचे, कधी चक्क लष्कराच्या छावणीतून मिळालेले. आत काळे सदरे घातलेले तीस-चाळीस तरुण. त्यात सैन्यातून सुटलेले अधिकारी, विद्यार्थी, मालकांची पोरं. त्यांच्याकडे सोटे, पिस्तुलं, काही वेळा युद्धातून आणलेले हातबॉम्ब. कामगार भवन पेटवायचं, भांडार लुटायचं, वाचनालयातली पुस्तकं चौकात आणून जाळायची. मग संघाच्या चिटणिसाच्या घरी जायचं. त्याला बाहेर बोलवायचं, सोट्यांनी बडवायचं, तोंड उघडून भसाभस एरंडेल ओतायचं. एरंडेलाची शिक्षा शोधून काढणाऱ्याला माणसाचा अपमान कसा करावा हे पक्कं कळत होतं. ज्याच्या शब्दावर गाव चालायचं, त्याला गावासमोर घाण कपड्यांत उभं करायचं, म्हणजे पुन्हा तो तोंड वर करून बोलणार नाही. काही जण या माराने मेले. काहींना सरळ गोळ्या घालण्यात आल्या.

या मोहिमांचा फेराऱ्यातला म्होरक्या होता इटालो बाल्बो, वय वर्षं चोवीस. युद्धात लढलेला, पदवीसाठी जोसेफ मॅझिनीवर प्रबंध लिहिलेला. १९२१ च्या सुरुवातीला त्याला पगारावर आणण्यात आलं आणि पगाराची सोय जमीनमालकांच्या वर्गणीतून झाली. सावरकरांनी १९०७ मध्ये ज्या मॅझिनीचं चरित्र आणि लेखन मराठीत आणलं, आणि ज्याच्या नावाने इथली एक पिढी भारली गेली, त्याचाच अभ्यासक पेटत्या भवनांपुढे उभा होता, हे मला फार अस्वस्थ करतं. राष्ट्रभक्तीची उदात्त भाषा कुणाच्याही हातात जाऊ शकते.

आंजेलो तास्का या इतिहासकाराने, जो स्वतः त्या काळच्या डाव्या चळवळीत होता, १९२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत उद्ध्वस्त झालेल्या जागांची मोजदाद केली आहे. ११९ कामगार भवनं, ५९ लोकगृहं, १०७ सहकारी संस्था, ८३ शेतमजूर संघांच्या कचेऱ्या, १७ वर्तमानपत्रं आणि छापखाने, समाजवादी व साम्यवादी पक्षांच्या १४१ शाखा. तीस-चाळीस वर्षांत पै-पै जमवून उभं केलेलं सहा महिन्यांत जळालं. आणि फॅसिस्टांची संख्या? १९२० च्या अखेरीस वीस हजारांच्या आसपास, वर्षभराने दोन लाखांवर. यातले सगळे काही मालकांचे नव्हते. संघ मोडल्यावर फॅसिस्टांनी स्वतःच्या मजूर संघटना काढल्या. काम हवं तर तिथेच नाव घालावं लागे, म्हणून कालचे समाजवादी मजूर झुंडीने त्यात गेले. भुकेला पर्याय नसतो, त्यांना दोष देववत नाही. मजुरीचे दर मात्र खाली आले.

आता मुद्द्याचा प्रश्न. पोलिस काय करत होते? प्रत्येक जिल्ह्यात केंद्र सरकारचा प्रीफेक्ट असे, आपल्या कलेक्टरासारखा. त्याच्या हाताखाली काराबिनेरी, म्हणजे शस्त्रधारी पोलिस. त्यांना ट्रक दिसत होते, धूर दिसत होता. काही मोजक्या प्रीफेक्टांनी खरोखर विरोध केला. बाकीच्यांनी पाठ फिरवली, आणि काही ठिकाणी तर काराबिनेरी फॅसिस्टांबरोबर ट्रकमध्ये बसून गेले. खटले झाले तर फॅसिस्ट पुराव्याअभावी सुटायचे आणि प्रतिकार करणारा मजूर सक्तमजुरीला जायचा.

हा सगळा हिशेब संसदेत मांडला तो जाकोमो मात्तेओत्ती यांनी. रोविगो जिल्ह्यातल्या सधन जमीनदार घरातला हा कायद्याचा अभ्यासक, समाजवादी खासदार. स्वतःच्या वर्गाला सोडून मजुरांच्या बाजूने उभा राहिल्यामुळे मालकांचा त्याच्यावर विशेष राग. ३१ जानेवारी आणि १० मार्च १९२१ रोजी त्यांनी सभागृहात गाव, तारीख, नाव घेऊन एकेक रात्र सांगितली. भाषणात आवेश थोडा, तपशील पुष्कळ. दुसऱ्या भाषणानंतर दोनच दिवसांनी कास्तेलगुल्येल्मो या गावी फॅसिस्टांनी त्यांना पळवून नेलं, ट्रकमध्ये घालून मारहाण केली आणि रात्री रस्त्यावर सोडून दिलं.

सरकारने ठरवलं असतं तर काय झालं असतं, हेही त्याच वर्षी एकदा दिसलं. २१ जुलै १९२१ ला सार्झाना या गावी आपल्या अटकेतल्या साथीदारांना सोडवायला पाचशेच्या आसपास फॅसिस्ट आले. स्टेशनपाशी कॅप्टन ग्विदो युर्गेन्स आपल्या मूठभर काराबिनेरींना घेऊन उभा होता. त्याने वाट सोडली नाही. फॅसिस्टांकडून गोळी सुटली, पोलिसांनी उलट गोळीबार केला, आणि पाचशे जण सैरावैरा पळत सुटले. पळताना शेतांतून गावकऱ्यांनी त्यांना गाठलं. त्या दिवशी अठराच्या आसपास फॅसिस्ट मेले. रक्तपात म्हणून ही घटना वाईटच. पण तिने एक गोष्ट सिद्ध केली: समोर कुणी उभं राहणार नाही, या विश्वासावरच या टोळ्यांचं शौर्य चालत होतं. ऑगस्ट १९२२ मध्ये पार्मा शहरात पुन्हा तेच झालं. ग्विदो पिचेल्ली यांच्या नेतृत्वाखाली नदीपलीकडच्या गरीब वस्त्यांनी रस्त्यांत अडथळे उभारले आणि बाल्बोच्या हजारो माणसांना पाच दिवसांनी हात हलवत परतावं लागलं. युर्गेन्सचा कित्ता सरकारने गिरवला नाही. आणि पिचेल्लींच्या पथकांना समाजवादी व साम्यवादी पक्षांच्या पुढाऱ्यांनीही पाठबळ दिलं नाही. जानेवारी १९२१ मध्येच हे दोघे वेगळे झाले होते आणि एकमेकांशी भांडण्यात गुंतले होते.

जोलित्ती यांच्याकडे वळू. पाच वेळा पंतप्रधान झालेला, इटलीच्या राजकारणातला सगळ्यांत अनुभवी माणूस. विरोधकाला सत्तेचा थोडा घास द्यायचा, म्हणजे तो निवळतो, ही त्यांची आयुष्यभराची रीत. मे १९२१ च्या निवडणुकीत त्यांनी फॅसिस्टांना आपल्या राष्ट्रीय आघाडीच्या यादीत जागा दिल्या. हेतू समाजवाद्यांना वेसण घालण्याचा. रस्त्यावर सोटे चालत असतानाच सरकारी शिक्क्याने ३५ फॅसिस्ट निवडून आले, त्यात मुसोलिनी. आघाडीचं काम झाल्याबरोबर तो विरोधी बाकांवर जाऊन बसला. कालपर्यंत ज्याला गुंड म्हणता येत होतं, तो आता सन्माननीय सभासद होता. माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेतली सगळ्यांत घातक चूक हीच.

२४ ऑक्टोबर १९२२ ला नेपल्समध्ये फॅसिस्टांचा मेळावा भरला आणि रोमवर चाल करायची असं ठरलं. २७ तारखेच्या रात्रीपासून निरनिराळ्या शहरांत सरकारी इमारती, तारकचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या. रोमच्या दिशेने वीस-तीस हजार माणसं निघाली. रेल्वे अडवलेली, म्हणून ती चिव्हिताव्हेक्किया, मोंतेरोतोंदो, तिव्होली अशा ठिकाणी अडकून पडली. पाऊस कोसळत होता. पुष्कळांकडे नीट बंदूक नव्हती, खायला नव्हतं. रोममध्ये जनरल पुल्येसे यांच्या हाताखाली अठ्ठावीस हजारांच्या घरात शिस्तबद्ध सैन्य होतं. मुसोलिनी स्वतः मिलानमध्ये बसला होता. स्वित्झर्लंडची सरहद्द तिथून जवळ.

२८ ऑक्टोबरच्या पहाटे पंतप्रधान लुईजी फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने लष्करी कायदा पुकारण्याचा निर्णय घेतला. प्रीफेक्टांना तारा गेल्या, शहरात जाहीरनामे चिकटवले गेले. राहिली होती राजाची सही. सकाळी फाक्ता कागद घेऊन गेले, तेव्हा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही करायला नकार दिला.

का दिला, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. यादवी युद्धाची भीती होती. सैन्य फॅसिस्टांवर गोळ्या झाडेल की नाही, ही शंका होती. चुलतभाऊ आओस्ताचा ड्यूक फॅसिस्टांच्या मर्जीतला, आपल्या जागी त्याला बसवतील हा धाकही होता. शिवाय राजाच्या अवतीभोवतीच्या बड्या मंडळींना, उद्योगपतींना, सनातनी राजकारण्यांना मुसोलिनी सरकारात आलेला हवाच होता. मला वाटतं, यातल्या कुठल्याही एका कारणापेक्षा मागची दोन वर्षं जास्त बोलली. ज्या राज्यसंस्थेने चोवीस महिने डोळे मिटून घेतले, तिला अठ्ठाविसाव्या तारखेला एकाएकी हिंमत कुठून येणार? दुपारपर्यंत भिंतींवरचे जाहीरनामे रद्द झाले. दुसऱ्या दिवशी मुसोलिनीला बोलावणं गेलं. त्याने ते तारेने लेखी मागून घेतलं, रात्रीची गाडी पकडली आणि ३० तारखेला सकाळी तो रोमला उतरला. काळे सदरेवाले ३१ ला शहरात मिरवणुकीने आले, तेव्हा त्यांचा नेता आधीच पंतप्रधान झालेला होता. ‘रोमवरची स्वारी’ म्हणून पुढे जिची पाठ्यपुस्तकांत वर्णनं आली, ती स्वारी सत्ता मिळाल्यावर झालेली परेड होती.

मंत्रिमंडळात फॅसिस्ट मोजकेच, बाकी उदारमतवादी, कॅथलिक, सेनाधिकारी. नोव्हेंबरमध्ये विश्वासदर्शक ठराव ३०६ विरुद्ध ११६ मतांनी संमत झाला. ज्या भाषणात मुसोलिनीने सभासदांना तोंडावर सांगितलं की मी मनात आणलं असतं तर या सभागृहाची छावणी केली असती, त्याच भाषणावर हे मतदान झालं. बाजूने मत देणाऱ्यांत जोलित्ती, सालान्द्रा, ओर्लान्दो, बोनोमी असे चार माजी पंतप्रधान होते. पुढच्या वर्षी निवडणुकीचा कायदा बदलला. ज्या यादीला सर्वाधिक मतं, आणि ती किमान पंचवीस टक्के, तिला दोन तृतीयांश जागा. हा कायदाही त्याच संसदेने, गॅलरीत सशस्त्र काळे सदरे बसलेले असताना, मंजूर केला. कॅथलिक लोकपक्षाचे संस्थापक दॉन स्तुर्झो यांना व्हॅटिकनच्या दबावाखाली जुलै १९२३ मध्ये पक्षाचं चिटणीसपद सोडावं लागलं.

६ एप्रिल १९२४ च्या निवडणुकीत सरकारी यादीने ५३५ पैकी ३७४ जागा घेतल्या. ३० मे रोजी मात्तेओत्ती बोलायला उठले. उमेदवारांना झालेली मारहाण, हिसकावलेल्या मतपत्रिका, बंद पाडलेल्या सभा हे सगळं त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने, तपशील देत मांडलं. भाषणात इतके अडथळे आले की थोड्या वेळाचं भाषण तास दीड तास लांबलं. निवडणूक रद्द करा, अशी त्यांची मागणी होती. १० जूनला दुपारी घरून संसदेकडे निघाले असता टायबर नदीच्या काठच्या रस्त्यावर पाच जणांनी त्यांना ओढून मोटारीत घातलं. मोटारीतच त्यांचा खून झाला. प्रेत १६ ऑगस्टला शहराबाहेर रियानोजवळच्या रानात सापडलं.

या वेळी मात्र इटली हादरली. त्या भागात घुटमळणाऱ्या मोटारीचा नंबर एका इमारतीच्या रखवालदाराने टिपून ठेवला होता. त्यावरून माग निघाला तो सरळ मुसोलिनीच्या कचेरीभोवतीच्या माणसांपर्यंत. टोळीचा नायक आमेरिगो दुमिनी हा पंतप्रधानांच्या प्रसिद्धीप्रमुखाच्या हाताखाली काम करणारा. लोकांनी कोटाला लावलेले फॅसिस्ट बिल्ले काढून टाकले. मुसोलिनीच्या भेटीला येणाऱ्यांची गर्दी आटली. पुढचे काही महिने तो खरोखर पडू शकत होता. विरोधी खासदारांनी संसदेवर बहिष्कार टाकला. राजा घटनेप्रमाणे वागेल, या आशेवर ते सभागृहाबाहेर थांबले. पुरावे राजापर्यंत पोचले होते. तो काही बोलला नाही. सिनेटने जूनमध्येच २२५ विरुद्ध २१ मतांनी सरकारवर विश्वास दाखवला होता. त्या २२५ मध्ये तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांचंही मत होतं. खुनानंतर फॅसिझम सौम्य होईल असं त्यांना वाटलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात फॅसिझमविरोधी विचारवंतांचा जाहीरनामा त्यांनीच लिहिला आणि नंतर ते झुकले नाहीत. पण मत द्यायची वेळ जून १९२४ ही होती.

३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने संसदेत उभं राहून घडलेल्या सगळ्याची जबाबदारी आपल्यावर घेतली आणि हिंमत असेल तर माझ्यावर खटला भरा, असं आव्हान दिलं. कुणी भरला नाही. पुढच्या दोन वर्षांत बाकीचं उरकलं: निवडून आलेल्या नगरपालिका गेल्या, पक्ष बरखास्त झाले, खास न्यायालय आलं, नोव्हेंबर १९२६ मध्ये आंतोनिओ ग्राम्शी खासदार असतानाही तुरुंगात गेले. उदारमतवादी नेते जोव्हान्नी आमेन्दोला मारहाणीनंतर सावरले नाहीत, एप्रिल १९२६ मध्ये फ्रान्समध्ये वारले. मात्तेओत्तींच्या मारेकऱ्यांना मार्च १९२६ मध्ये सहा वर्षांच्या आतली शिक्षा झाली आणि ते लगेच सुटले.

यानंतर जे पाहुणे आले, त्यांना ही जळालेली भवनं दिसली नाहीत. १९२६ च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ ठाकूर सरकारचे पाहुणे म्हणून इटलीत गेले, मुसोलिनीने भारावले. स्वित्झर्लंडला गेल्यावर फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी आणि परागंदा इटालियनांनी त्यांना खरी कहाणी ऐकवली, तेव्हा त्यांनी जाहीर पत्र लिहून फॅसिझमचा निषेध केला. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेनंतर १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले. बालिल्ला या मुलांच्या संघटनेची कवायत, गणवेश, शिस्त पाहून ते प्रभावित झाले आणि तसं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं. पुढे नाशिकला त्यांनी लष्करी शाळा काढली. दोघांनी पाहिलेला देश एकच. फरक एवढाच की एकाला फेराऱ्याच्या रात्री सांगणारं कुणी भेटलं.

जर्मनीत इटलीतल्या सत्ताधाऱ्यांचीच चूक थोड्या फरकाने झाली. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची वीस लाख मतं कमी झाली होती, पक्षात पैशाची ओढाताण होती. अशा वेळी माजी चॅन्सेलर फॉन पापेन यांनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गचं मन वळवलं आणि ३० जानेवारी १९३३ ला हिटलरला चॅन्सेलर केलं. हिटलर धरून मंत्रिमंडळात नाझी तिघेच, म्हणजे तो आपल्या मुठीत राहील, हा हिशेब.

पण सगळीकडे असं झालं नाही. बेल्जियममध्ये एप्रिल १९३७ च्या ब्रसेल्सच्या पोटनिवडणुकीत फॅसिस्ट नेता देग्रेल उभा राहिला, तेव्हा कॅथलिकांपासून साम्यवाद्यांपर्यंत सगळ्यांनी एकच उमेदवार दिला. देग्रेलला वीस टक्केही मतं पडली नाहीत. फिनलंडची गोष्ट तर इटलीशी शेजारी ठेवून वाचावी अशी. तिथल्या लापुआ चळवळीने साम्यवाद्यांचे छापखाने फोडले, माणसं पळवून नेली, जुलै १९३० मध्ये रोमच्या नमुन्यावर हेलसिंकीत बारा हजार शेतकऱ्यांचा मोर्चा आणला. त्यांच्या दडपणाने साम्यवाद्यांविरुद्ध प्रजासत्ताक संरक्षणाचा कायदा झाला. पेर एव्हिंद स्विन्हुफवूद हे उजव्या विचारांचे नेते, ते याच लाटेवर आधी पंतप्रधान आणि १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९३२ च्या अखेरीस मॅन्त्सॅला गावी लापुआच्या सशस्त्र लोकांनी बंड पुकारलं आणि सरकार बदला म्हणून हटून बसले. त्यांना वाटत होतं, राष्ट्राध्यक्ष आपलाच आहे. २ मार्चला स्विन्हुफवूद रेडिओवरून बोलले. साध्या बंडखोरांनी घरी जावं, त्यांना शिक्षा होणार नाही. पुढाऱ्यांना मात्र कायद्याला तोंड द्यावं लागेल. काही दिवसांत बंड विरघळलं, पुढारी पकडले गेले. लापुआ चळवळीवर बंदी आली ती तिनेच आग्रह धरून करून घेतलेल्या १९३० च्या कायद्याखाली.